शनिवारी "बंद" असणारा अलिबागचा होमस्टे, आणि तरी शनिवारीच जा असं का म्हणतेय

नाव आणि नंबर विचारू नका, होमस्टे चालवणाऱ्या काकूंनी स्पष्ट सांगितलंय की नेटवर नाव टाकायचं नाही. दोनच खोल्या आहेत, त्या वाढवायच्या नाहीयेत आणि रील बनवायला येणारी गर्दी तर अजिबात नकोय. एवढं सांगते की अक्षी-नागावच्या मधे, रस्त्यापासून आत, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे आणि त्या बाजूच्या कुठल्याही किराणावाल्याला "ते शनिवारी बंद असतात ते" म्हणालात की तो हसतो आणि हात दाखवतो. हो, वीकेंडला ज्या अलिबागेत खोली मिळत नाही तिथे हे लोक शनिवारी बंद. म्हणजे तुम्ही आत असता, राहता, खाता, पण शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत त्या घरात कोणी काम करत नाही. चूल नाही, झाडू नाही, रूम सर्व्हिस नाही, चेक-इन चेक-आउट नाही, पैशाची देवाणघेवाण नाही. टीव्ही तर खोलीत नाहीच. फोन तुम्ही आपणहून एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, सक्ती नाही, पण डबा जेवायच्या टेबलावर झाकण काढून ठेवलेला असतो आणि काकू एकदा त्याच्याकडे बघतात आणि एकदा तुमच्याकडे.

मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं झालं, आता शांतता पण विकायला काढली. डिजिटल डिटॉक्स, माइंडफुल वीकेंड वगैरे नावाची पॅकेजेस बघून बघून माझा त्यावरचा विश्वास उडालाय, कारण तिथे आपण "रेस्ट" घेत असतो तेव्हा गणवेशातली पोरंपोरी रात्री अकरा वाजता आपले टॉवेल बदलत असतात. आपल्या विश्रांतीसाठी दुसऱ्याची डबल ड्युटी. या जागेबद्दल मला जे काही म्हणायचंय ते याच मुद्द्यावर आहे, बाकी बीच-बिच सगळीकडे आहेतच.

आधी हा शनिवारचा प्रकार काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही वाडी पूर्वी एका बेने इस्रायली कुटुंबाची होती. बेने इस्रायली म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, आणि गावात त्यांचं नाव शनिवार तेली. रायगडातल्या गावागावात यांचे तेलाचे घाणे होते आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली, तर दुसरे हिंदू तेली सोमवारी शंकराचा वार म्हणून घाणा थांबवायचे ते सोमवार तेली. परंपरा अशी सांगते की साधारण दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ त्यांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं. मग ही माणसं इथलीच झाली, मराठी बोलायला लागली, आडनावं रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहिमकर, दिवेकर अशी गावावरून पडली. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू जवळजवळ सगळी विसरली, पण शनिवार काही सोडला नाही! मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. मंत्र विसरले, पुस्तकं नाहीत, धर्मगुरू नाही, उरलं काय तर "शेमा इस्रायल" ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम आणि आठवड्यातून एक दिवस काही न करणं.

१९४८ ला इस्रायल झाल्यावर त्यातले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. या वाडीतलं कुटुंबही गेलं, आणि वाडी काकांच्या वडिलांनी घेतली. जाताना त्यांनी म्हणे एकच गोष्ट सांगितली, शनिवारी रहाटाला बैल जुंपू नका. बास. आता बैल नाही, रहाट नाही, विहिरीवर मोटर आहे, तर शनिवारी मोटर लावत नाहीत. टाकी शुक्रवारीच भरून घेतात. काकांना मी विचारलं की तुम्ही म्हणजे त्यांचा धर्म पाळता का, तर म्हणाले, "आम्ही कुठे पाळतो, वाडी पाळते." आणि काकू त्याच शनिवारी सकाळी मारुतीला तेल घालून येतात, तेल मात्र शुक्रवारी आणलेलं. (शनिवारी तेल विकत आणू नये हे माझ्या आजीचंही होतं, तेव्हा या बाबतीत कोणाचं कोणाशी भांडण नाही.)

काकू मूळच्या मालवणकडच्या, माहेर आचऱ्याच्या बाजूला. त्यांना या शनिवारचं सासरी आल्यावर काहीच नवल वाटलं नाही म्हणे, कारण त्यांच्याकडे गावपळण. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आचऱ्याला दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरं उघडी-बंद आहेत तशी टाकायची, बाहेर राहुट्या बांधायच्या, तिथेच रांधायचं, भजनं, पत्ते, गप्पा, आणि गावात तेवढे दिवस कोणी माणूस नाही. लोक भुताखेताच्या गोष्टी सांगतात त्यावरून. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "गे बाय, गावाक पण इसावो नको?" (म्हणजे गावालाही विसावा नको का?) मला वाटतं हे उत्तर आमच्या कंपनीच्या एचआरला पाठवावं.

बरं आता प्रत्यक्ष काय झालं ते. आम्ही चौघं, मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. ठाण्याहून गाडी घेऊन निघालो नाही कारण वडखळचा ट्रॅफिक आठवला, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या मोठ्या बोटीने) मांडवा, तासाभरात. मांडव्याहून रिक्षा, महाग पडते पण सासूबाईंना मिनीडोअरमध्ये (शेअर रिक्षात) कोंबायचं नव्हतं. स्वस्तात जायचं असेल तर गेटवेच्या बोटीने जा, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते, तिथून नागावला मिनीडोअर भरपूर. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत पोचायचंच, हे बुकिंगला स्पष्ट सांगतात आणि ते गंमत म्हणून सांगत नाहीत, कारण सहानंतर आलात तर तुम्हाला आत घेतील पण तुमच्यासाठी काहीही करणार नाहीत. पैसेही शुक्रवारीच द्यायचे. आणि रोख न्या, आत नेटवर्क इतकं रडकं की यूपीआयचं चक्र फिरतच राहतं.

खोली साधी. लाद्या, लोखंडी पलंग, गाद्या कडक (माझ्या पाठीला बऱ्या वाटल्या, नवऱ्याला नाही), पंखा, एसी नाही, जानेवारीत लागतही नाही. बाथरूम स्वच्छ पण दोन खोल्यांत मिळून कमोड एकच. पुढे पडवी, पडवीत झोपाळा, समोर सारवलेलं अंगण, आणि मागे विहिरीशेजारी तो जुना दगडी घाणा पडलेला, त्यात आता पावसाचं पाणी साठतं आणि बुलबुल आंघोळ करतात. डास आहेत. संध्याकाळी पाच ते आठ प्रचंड आहेत, वाडीत पाटाचं पाणी असल्यावर असणारच. मलम घेऊन जा, तिथे मागायला गेलात आणि सूर्य मावळला असेल तर कपाटात आहे घ्या म्हणतील, एवढंच.

शुक्रवारची दुपार मात्र बघण्यासारखी. सगळं घर पळत असतं. काका नारळ खवतायत, टाकी भरतेय, भाताच्या तुसाची शेगडी लावून ठेवतायत जी सकाळपर्यंत धुमसत राहते आणि तिच्यावर पाण्याचं भांडं, म्हणजे शनिवारी आग न पेटवता आंघोळीला कोमट पाणी मिळतं. ज्यू घरांत शब्बाथला, म्हणजे त्यांच्या या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, अशीच आधी लावलेली मंद आग झाकून ठेवतात, नवीन पेटवायची नाही आणि असलेली विझवायचीही नाही. त्यांच्याकडे मना केलेल्या कामांची पूर्ण यादीच आहे, मोजून ३९ प्रकार, नांगरणं, पेरणं, कापणं, मळणं, भाजणं, गाठ बांधणं, गाठ सोडणं, दोन अक्षरं लिहिणं सुद्धा. मुलाने ते दोन अक्षरांचं ऐकलं आणि लगेच होमवर्कची वही बॅगेत खाली दाबून टाकली.

संध्याकाळी पाचला पोपटी लावली. जानेवारीत जाताय तर पोपटी मागून घ्याच. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर परत पाला, आणि मडकं उलटं करून भोवती पालापाचोळा-गोवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासात ते मडकं फोडलं की जो वास येतो त्याचं वर्णन मी करणार नाही, उगाच ऑफिसमध्ये वाचत असाल. पाण्याचा थेंब नाही, तेल नावाला, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. सूर्य बुडायच्या आत आगीवर माती टाकली, काकूंनी हात धुतले, देवाजवळ दिवा आणि पडवीत कोनाड्यात तेलाचा अजून एक दिवा लावला. तो कोनाडा वाडीतल्या त्या आधीच्या बेने इस्रायली घरातल्या बाईचा. मोटरचा आवाज थांबलेला, भांड्यांचा थांबलेला, आणि मग एकदम कळलं की समुद्र ऐकू येतोय, दुपारपासून येतच होता.

आता तक्रार, आणि ही खरी तक्रार आहे. शुक्रवारी काकू सकाळी पाचपासून उभ्या होत्या. दोन दिवसांचं रांधणं एका दिवसात. कालवण, भात, घावणे, वालाचं बिरडं, सुकी चटणी, गव्हाचा चीक आणि नारळाच्या दुधाचा हलवा (हा बेने इस्रायलींचा पदार्थ, त्यांच्या नवीन वर्षाला करतात, काकूंच्या सासूबाई एका शेजारणीकडून शिकल्या, आणि तो इतका चांगला होता की मी त्यावर वेगळा रिव्ह्यू लिहू शकते). बायबलच्या जुन्या करारातल्या त्या आज्ञेत यादी आहे कोणी काम करायचं नाही त्याची. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, तुझ्या दारातला परका. दुसऱ्या ठिकाणी तर बैल आणि गाढव नाव घेऊन सांगितलेत. बैल आहे, गाढव आहे, परका आहे, बायको नाही! भाष्यकार म्हणतात की "तू" मध्ये ती आलीच. आली असेल. पण शुक्रवार कोणाच्या कमरेवर उभा राहतो हे स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नाही. मी काकूंना म्हटलं, मदतीला एखादी बाई ठेवा आणि पैसे वाढवा, आम्ही देऊ. तर म्हणाल्या, "ठेवलीय ना, ती आज दुपारीच घरी गेली, तिचा पण शनिवार आहे." आणि वर हेही की "उद्याचा अख्खा दिवस मला कोणी हाक मारणार नाही, त्याच्यासाठी मी दोन शुक्रवार राबेन." आता यावर काय बोलणार. तरी माझा एक स्टार इथे कापलाय आणि तो काकांच्या नावावर आहे, नारळ खवणं आणि टाकी भरणं म्हणजे अर्धं काम नव्हे.

शनिवार. सकाळचा चहा थर्मासमधला, आदल्या संध्याकाळचा, आणि तो वाईट असतो, सरळ सांगते. नवऱ्याने दोन घोट घेऊन अंगणातल्या जास्वंदीला अर्पण केला. चहाबाज लोकांनी मनाची तयारी करून जावं. बाकी खाणं मात्र विचारपूर्वक केलेलं, म्हणजे शिळं झाल्यावर जे चांगलं लागतं तेच. माशाचं कालवण दुसऱ्या दिवशी मुरतं हे कोकणात लहान पोराला पण माहीत आहे. भाकरी ठेवत नाहीत कारण ती वातड होते, घावणे मऊ राहतात. सोबत अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकन नसतानाही तो असाच गोड होता. ज्याला भूक लागेल त्याने उठून वाढून घ्यायचं, ताट ओल्या राखेच्या पाटीशेजारी ठेवून द्यायचं, भांडी रविवारी.

सासूबाईंचं सांगायलाच हवं. आमच्या आईंना रिकामं बसणं माहीतच नाही. त्या सकाळी सहाला उठल्या आणि झाडू शोधायला लागल्या. झाडू काकूंनी लपवलेला होता, म्हणजे पाहुण्यांच्या सासवांचा अनुभव होता त्यांना. मग आईंनी पोफळीची पडलेली झापं गोळा करायला घेतली. काकू झोपाळ्यावरून म्हणाल्या, "आई, ठेवा तिथेच, ती कुठे जात नाहीत." मग शेंगा सोलू का, मग वाती वळू का, मग नातवाचं शर्टाचं बटण लावू का. नाही, नाही, नाही. तासभर आई खरंच रागावून बसल्या, मला बोलावून म्हणाल्या, हे काय, पैसे देऊन हात बांधून बसायचं. दहाच्या सुमाराला त्या झोपाळ्यावर आडव्या झाल्या आणि भरदिवसा झोपल्या. मी लग्न होऊन आल्यापासून आईंना दिवसा झोपलेलं आजारपण सोडून बघितलं नव्हतं. उठल्यावर मला त्यांच्या माहेरच्या विहिरीबद्दल सांगत बसल्या, कोण कोण पोहायला यायचं, कोणी कोणाला ढकललं, त्यात एक किस्सा असा होता की तो इथे लिहिता येणार नाही. नवऱ्यालाही माहीत नव्हता.

जुन्या करारात विश्रांतीची दोन वेगवेगळी कारणं दिलीत. एका जागी म्हटलंय देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी थांबला, म्हणून तूही थांब. दुसऱ्या जागी म्हटलंय तू मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम होतास, हे आठव, म्हणून थांब. पहिलं कारण मला ठीक वाटतं, दुसरं जास्त पटतं. गुलामाला सुट्टी नसते. आता आमच्या घरात गुलाम कोण होतं ते मला त्या झोपाळ्याकडे बघून जरा जास्तच कळलं. आणि मी स्वतः? डब्यातला फोन वाजत नसताना मला वाजल्यासारखा दोनदा वाटला. दुपारपर्यंत ते गेलं.

मुलाची सोय काय, हा प्रश्न सगळे विचारतात. पहिले दोन तास तो खरंच असह्य होता. मग काकांनी त्याला भरती काढायला शिकवली, कॅलेंडरवरची तिथी बघायची, तिला पाऊणने गुणायचं, त्या वाजता भरती. दशमी होती, दहा गुणिले पाऊण म्हणजे साडेसात, त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. पोरगं म्हणालं अ‍ॅपमध्ये बघू, काका म्हणाले समुद्रावर जाऊन बघ. तर दुपारी दीडला आम्ही अक्षीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनातून, आणि पाणी खरंच आत गेलेलं. दशमी म्हणजे भांग (लहान भरती-ओहोटी), उधाणासारखं मैलभर आत नाही जात, पण गेलेलं. अमावस्या-पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा येतो आणि पाणी प्रत्यक्षात जरा उशिरा चढतं, असं काका म्हणाले, म्हणजे गणित ढोबळच, पण कोळी पिढ्यानपिढ्या याच्यावर होड्या काढतायत. ओल्या वाळूत खेकड्यांच्या गोळ्यांची नक्षी, वरून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड गेला, कुरव पक्ष्यांचा एक अख्खा थवा एकाच दिशेला तोंड करून बसलेला. त्याने विचारलं हे असे एकाच बाजूला का बसतात, मी म्हटलं वाऱ्याकडे तोंड करून बसत असतील, फोन नव्हता म्हणून ते तिथेच राहिलं आणि आम्ही बसून बघत राहिलो. किहीमला सलीम अली १९३० मध्ये सुगरणीची घरटी बघत महिनोन्‌महिने बसले होते, त्या माणसाने नक्की काय केलं असेल दिवसभर याचा थोडा अंदाज आला. नागावच्या बाजूला जाऊ नका शनिवारी, तिथे बनाना बोट, जेट स्की, घोडागाडी आणि भुट्ट्याचा धूर. अक्षीला चालत या.

आता दुसरी तक्रार, ज्यात काका-काकूंचा काही दोष नाही. दुपारी चारला पलीकडच्या एका बंगल्यात कोणाची तरी पार्टी सुरू झाली आणि डीजे लागला. भिंती थरथरत नव्हत्या पण बेस पोटात येत होता. तासभर चालला. काका नेहमीसारखे शांत, म्हणाले बंद होईल. मला मात्र अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण झाली. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं व्हायची, मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ती सगळी उपकरणं अलिबागला हलवली. शंभर वर्षांपूर्वी यंत्रांना सुद्धा मुंबईचा त्रास सहन झाला नाही आणि ती इथे आली. आता मुंबई स्वतःच स्पीकर घेऊन शुक्रवारी रात्री इथे येते. त्या उपकरणांनी आता कुठे जायचं?

संध्याकाळी दिवस संपतो तो चांदण्या मोजून. तीन दिसल्या की शनिवार संपला, हा ज्यूंचा नियम. आम्ही सगळे अंगणात माना वर करून. वाद झाला की ग्रह धरायचा का, काका म्हणाले ग्रह धरायचा नाही, मोठा तेजस्वी एकच तारा दिसला म्हणून पण घाई करायची नाही. ईशान्येला ब्रह्महृदय, पूर्वेला व्याध, आणि तिसरी कोण यावर आईंनी आणि मुलाने जे भांडण केलं त्यात अजून दहा चांदण्या उगवल्या. मग काकूंनी गॅस पेटवला आणि पहिलं काय केलं तर ताजा चहा, आलं घालून. नवरा अक्षरशः उभा राहिला कपासाठी. (शब्बाथ संपताना ज्यू लोक सुगंधी मसाल्यांचा वास घेतात, म्हणजे गेलेल्या दिवसाची हुरहूर कमी व्हावी. आमच्याकडे आल्या-वेलचीवर भागलं.)

रविवारी सकाळी परत निघायच्या आधी थोडं फिरून घ्या, कारण इतकं ऐकल्यावर बघावंसं वाटतंच. अलिबागेत इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, १८४८ चं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. बाहेरून साधं, आत शांत. आत जायचं तर आधी विचारून, डोकं झाकून, आणि फोटो विचारल्याशिवाय नाही. रेवदंड्यालाही एक आहे. नवगावला बुडालेल्यांची ती जुनी दफनभूमी आणि तिथे स्मारकाचा खांब. आणि खंडाळ्याला, घाटातलं नव्हे अलिबागजवळचं खंडाळा, खडकावर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याच्या, घोड्याच्या टापा दाखवतात. त्याचा रथ इथे टेकला अशी श्रद्धा, आणि इस्रायलहून आलेली मंडळी नवस फेडायला तिथे येतात, मग मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा, वर फळं. मराठीत बोलतात सगळे. अक्षीचा शिलालेखही वाटेवरच आहे, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. आईंनी त्याला हळदीकुंकू वाहायचं ठरवलं होतं, मी अडवलं.

कोणी जाऊ नये हेही लिहिते. ज्यांची मुलं दोन वर्षांखालची आहेत आणि दर तासाला गरम दूध लागतं त्यांनी नको. ज्यांना बीपी-शुगरसाठी वेळेवर गरमच जेवायला लागतं त्यांनी आधी बोलून घ्या, आजारी माणसासाठी आणि जिवाच्या प्रश्नाला नियम बाजूला ठेवतात, ज्यूंमध्येही तसंच आहे. मित्रांचा ग्रुप घेऊन "बसायला" येणार असाल तर सरळ नाही म्हणतात. ऑफिसचा कॉल "फक्त अर्धा तास" असणाऱ्यांना नाही म्हणत नाहीत, पण नेटवर्कच नाही म्हणते. पावसाळ्यात बंद, मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे त्या काळात ताजा मासा नाही आणि गेटवेच्या बोटीही थांबलेल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं.

माणशी अडीच हजार, शुक्रवार दुपार ते रविवार नाश्ता, जेवणासकट. अलिबागच्या शनिवारच्या भावांच्या मानाने हे काहीच नाही. खोली मागताना विहिरीकडची मागा, रस्त्याकडच्या खोलीत सकाळी दुधाच्या गाड्या ऐकू येतात. पाचपैकी चार स्टार. रविवारी मांडव्याला दुपारनंतर तुफान रांग असते, सकाळची बोट धरा. आणि कोणाकडून तरी नंबर मिळालाच तर शनिवारी लावू नका, उचलत नाहीत, आणि रविवारी लावलात की पहिल्यांदा हेच ऐकवतात की काल चार मिस्ड कॉल तुमचेच ना.